काच अडली की दोष कोठे शोधावा

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले की काल्हेर मागे पडते आणि पूर्णा गावची गोदामे सुरू होतात. मालमोटारींनी उडविलेली धूळ आणि भिवंडीच्या यंत्रमागांचा बारीक कापूस या परिसरातील वस्तूंवर सदैव बसत असतो. अशा एखाद्या गोदामाच्या आवारात वडिलांच्या काळातील मोटार जपून ठेवलेली असावी, घरातील वडीलधाऱ्यांना सकाळी देरासरात नेण्यापुरती ती बाहेर निघावी, आणि पावसाच्या पहिल्या सरीच्या दिवशीच तिची काच अर्ध्यावर अडावी, हा प्रसंग पुष्कळ घरांना ओळखीचा वाटेल. मिस्त्री येतो, बटण दोनदा दाबतो आणि निकाल देऊन मोकळा होतो, "शेठ, मोटर गेली. नवी टाकावी लागेल." हा निकाल पुष्कळदा घाईचा ठरतो.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी गाड्यांच्या काचा हाताने फिरवावयाच्या दांड्यावर चालत. तेथे बिघडण्यासारखे फारसे काही नव्हतेच. पुढे १९९५ पासून पुण्यात मर्सिडीजच्या ई-२२० या मोटारीची जोडणी सुरू झाली आणि विजेवर चालणाऱ्या काचा व्यापारी घरांतही आल्या. त्या पिढीतील गाड्या आज तिशीला आल्या आहेत. त्यांच्या काचांची बटणे पुढच्या दोन आसनांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याभोवतीच्या पट्टीवर, तोंड वर करून बसविलेली असतात. त्यामुळे धूळ, कापसाचे तंतू, ओला हात आणि कधी चहाचे थेंबही नेमके तेथेच पडतात.

रोजमेळात फरक आला म्हणून मुनीम सगळी वही फाडून नव्याने लिहीत नाही. शेवटची जुळलेली बेरीज कोठे आहे ते तो आधी शोधतो आणि तेथून पुढे एकेक नोंद तपासतो. काचेच्या विजेचा हिशेबही असाच आहे. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज, रिले आणि बटण असे टप्पे ओलांडून दारातील तारांवाटे मोटरीपर्यंत जाते. बटण वीज नुसती देत किंवा तोडत नाही. ते तिची दिशा पालटते. एका दिशेने प्रवाह गेला की काच चढते, उलट दिशेने गेला की उतरते. काच चढते पण उतरत नाही, असा दोष असेल तर मोटर जिवंत आहे हे त्यातूनच सिद्ध होते. संशय मग बटणावर किंवा त्याच्या तारांवर जातो.

पहिली तपासणी हत्याराशिवाय होते. चावी फिरवून सर्व काचा चालवून पाहाव्यात. सगळ्याच बंद असतील तर फ्यूज किंवा रिले पाहावा. एकच बंद असेल तर दोष त्या काचेच्या वाटेवर आहे. केवळ मागच्या काचा बंद असतील तर मुलांसाठी असलेले मागील काचांचे कुलूपबटण चुकून दाबले गेले नाही ना, हे आधी पाहावे. त्यानंतर आतील दिवा लावून अडलेल्या काचेचे बटण दाबावे. दिवा किंचित मंद झाला तर वीज मोटरीपर्यंत पोहोचत आहे, पण काच किंवा मोटर जाम आहे. दिवा जराही हलला नाही तर वीज वाटेतच कोठेतरी थांबली आहे.

त्या काळच्या मर्सिडीजमधील फ्यूज दोन्ही टोकांना निमुळते असतात आणि पितळी पट्ट्यांच्या चिमटीत बसतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्या टोकांवर गंज धरतो. तार शाबूत दिसत असूनही वीज पुढे जात नाही. असा फ्यूज जागच्या जागी बोटाने दोन-चार वेळा फिरविला तरी कित्येकदा काच चालू लागते; मग तो बदलून चिमटी स्वच्छ करावी. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा चांदीचा कागद गुंडाळून काम भागविण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. अडलेल्या मोटरीचा प्रवाह नेहमीपेक्षा कित्येक पटींनी वाढतो, आणि फ्यूज तुटला नाही तर त्याच्या जागी तार जळते.

फ्यूज ठीक असल्यास मुनिमाप्रमाणे मधल्या नोंदीवर यावे. ती नोंद म्हणजे बटण. पट्टी सावकाश उचलून बटणाच्या जोडणीवर चाचणीचा दिवा किंवा मल्टिमीटर लावावा. तेथे बारा व्होल्टच्या आसपास वीज मिळत असेल तर फ्यूजकडचा अर्धा हिशेब जुळला. आता शेजारचे तसेच चालते बटण काढून येथे लावून पाहावे. काच चालली तर दोष बटणाचा ठरला, आणि तोही एक पैसा खर्च न करता. ज्या गाड्यांत चालकाच्या दारावर मुख्य बटणे असतात, त्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कित्येक रचनांत शेजारच्या दाराच्या मोटरीचा परतीचा मार्ग चालकाच्या बटणातून जातो. तेथे दोष डाव्या खिडकीत दिसतो आणि कारण उजव्या दारात असते.

बटण बदलूनही काच हलली नाही तर दार आणि खांब यांच्यामधील रबरी नळीकडे वळावे. दार हजारो वेळा उघडता-मिटताना तिच्यातील तारा वाकून वाकून आतून तुटतात. बटण दाबून धरावे आणि दुसऱ्याने दार हळूहळू हलवावे. मध्येच काच सरकली तर तार सापडली. या सर्व परीक्षा झाल्यावरच दाराचा आतला पत्रा काढून मोटरीला फ्यूज लावलेल्या तारेने थेट वीज द्यावी. तेव्हाही ती फिरली नाही तर मिस्त्रीचे म्हणणे खरे मानावे.

दोषी ठरलेले बटण फेकण्यापूर्वी स्वच्छ करून पाहावे. प्रत्येक वेळी वीज तुटताना आतल्या तांब्याच्या टोकांवर बारीक ठिणगी पडते आणि काजळी साचते. धूळ आणि ओल तिला घट्ट करतात. आधी बॅटरीची ऋण तार सोडवावी. बटण पारदर्शक पिशवीत धरून उघडावे, म्हणजे आतली स्प्रिंग उडाली तरी हरवणार नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोके पुसावीत. काजळी हट्टी असेल तर अतिबारीक पॉलिश कागद हलक्या हाताने फिरवावा. जोडण्यापूर्वी विजेच्या टोकांसाठीच असलेले ग्रीस अगदी नखभर लावावे. रॉकेल, पेट्रोल किंवा खोबरेल तेल वापरू नये. तेलावर कापूस अधिकच चिकटतो. काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी खाचा पुसून त्यांत सिलिकॉनचा फवारा मारल्यास मोटरीचा भार घटतो आणि बटणावरील ठिणगीही कमी होते.

ही सारी खटाटोप केवळ खर्च वाचविण्यासाठी नाही. या जुन्या बटणांना दुसरी बाजू आहे. बोट किंवा मान मध्ये आली की आपोआप थांबून मागे येणारी काच त्या गाड्यांत नाही. आसनांमधील पट्टीवर नातवाचा गुडघा टेकला तरी काच चढू शकते. म्हणून मुले आत असताना चावी काढून जवळ ठेवावी आणि मागचे कुलूपबटण चालते की नाही, याचीही दुरुस्तीच्या वेळीच खात्री करावी.

न उघडणारी काच तर त्याहून घातक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी मुंबईत पाण्यात अडकलेल्या बंद मोटारींमध्येच गुदमरून काही जणांचे प्राण गेले. बाहेरून पाण्याचा दाब आला की दार उघडत नाही, आणि वीज खंडित झाली की काच उतरत नाही. पाणी दाराच्या तळाशी येताच प्रथम काच खाली घ्यावी. मोटार वाचविण्याचा विचार नंतर. टोकदार हातोडी डिकीत न ठेवता आसनावरून हात पोहोचेल अशी ठेवावी आणि बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारावी. समोरची काच थरांची असल्याने तशी फुटत नाही.

चातुर्मासापूर्वी घराची कौले, गोदामाची पन्हळे आणि मालावरील ताडपत्र्या तपासण्याची रीत व्यापारी घरांत जुनी आहे. त्याच यादीत चार काचांची भर घालावी. एका दुपारी प्रत्येक काच तीनदा पूर्ण उतरवावी, तीनदा चढवावी आणि जी अडखळेल तिचा हिशेब त्याच दिवशी जुळवून टाकावा.