वंशावळ लिहिताना नाते उलगडून लिहावे

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दफ्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांतील कितीतरी घरांत, जेथे पणजोबांच्या पलीकडचे नाव क्वचितच कोणाच्या ओठी येत असे, तेथे वंशावळीचा कागद प्रथमच लिहिला जाऊ लागला. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती गावोगाव नेमण्याचे ठरले, आणि कुळातील किंवा नात्यातील इसमाच्या प्रतिज्ञापत्राला कुणबी दाखल्याच्या चौकशीत स्थान मिळाले. जात पडताळणीसाठी वंशावळ देण्याचा प्रसंग आंध जमातीच्या विद्यार्थ्यावरही येतो. आरक्षणाच्या वादात मला येथे शिरावयाचे नाही. ज्या कागदावर एवढी माणसे आपले पूर्वज उतरवीत आहेत, तो कागद अपुरा आणि संदिग्ध लिहिला जात आहे, एवढ्याच गोष्टीची मला मनापासून चिंता वाटते.

अपुरेपणाचे कारण उघड आहे. जातीच्या दाखल्यासाठी नाते लागते ते पित्याकडचे; म्हणून अर्जदारापासून बाप, आजा, पणजा अशी एकच सरळ रेघ वर जाते, आणि नोंद ज्याच्या नावाची सापडली त्या पुरुषाशी ती भिडली की लेखणी थांबते. वाटेतील भाऊ निपुत्रिक असला तर तो गळतो, बहिणी तर बहुधा गळतातच, आणि सुना कोणत्या गावच्या, कोणाच्या लेकी, हे विचारण्याचे कोणाला कारणच पडत नाही. पन्नास वर्षांनी हाच कागद नातवाच्या हाती पडेल तेव्हा त्याला आपले कुळ म्हणून एक काठी तेवढी मिळेल, तिच्या फांद्या मिळणार नाहीत.

संदिग्धतेचे मूळ मात्र अधिक खोल आहे, आणि त्यासाठी जुन्या दस्तऐवजांची रीत समजून घेतली पाहिजे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता; कागद उर्दूत किंवा मोडीत, सन फसली. फसली सनात ५९० मिळविले असता इसवी सन साधारणपणे हाती येतो, म्हणजे फसली १३५७ हे १९४७-४८ च्या सुमाराचे वर्ष. पुरुषाच्या नावापुढे ‘वल्द’ आणि बापाचे नाव, विवाहितेच्या नावापुढे ‘जौजे’ आणि नवऱ्याचे नाव. हीच जोडणी पुढे मराठी सातबारावर ‘पि.’ आणि ‘भ्र.’ या अक्षरांनी चालू राहिली. आता आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली चाल लक्षात घ्या. समजा, एका घराण्यात धोंडिबा वल्द तुकाराम, त्याचा मुलगा तुकाराम वल्द धोंडिबा, आणि त्याचा मुलगा पुन्हा धोंडिबा वल्द तुकाराम असे झाले, तर फसली सन आणि जमिनीचा सर्व्हे नंबर जवळ लिहून ठेवल्यावाचून आजा कोणता आणि नातू कोणता याचा निवाडा कोणत्याही समितीला करता येणार नाही. मुलीचे तर याहून बिकट. लग्नापूर्वी ती ‘पि.’ने बापाशी जोडलेली असते, लग्नानंतर ‘भ्र.’ लागले की बापाचे नाव कागदावरून नाहीसे होते, आणि तिचे माहेर शोधण्याचा दुवाही त्याबरोबर तुटतो. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, या शेऱ्यानेही असाच घोटाळा होतो: थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागते, धाकटे भाऊ कागदावर येतच नाहीत, आणि दोन पिढ्यांनी त्यांचे वंशज ‘भावकीतले’ एवढ्या मोघम शब्दावर येऊन ठेपतात.

कागद असे मुके झाले की आपण वृद्धांच्या तोंडी साक्षीकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. परंतु हाक मारण्याची नाती आणि रक्ताची नाती एक नव्हेत, याचे भान तेथे सुटता कामा नये. जुन्या बाया सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणत. म्हणून एखादी आजी ‘त्या माझ्या आत्या’ असे सांगते, तेव्हा ती बापाची बहीण सांगते की सासू, हे विचारावेच लागते. दोन्ही एकच असणेही शक्य आहे, कारण मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे अनेक जातींत आहे, आणि तशा घरात जावयाचा मामाच सासरा होतो व सुनेची आत्याच सासू होते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथात या चालीचा सविस्तर विचार केला आहे. अशा ठिकाणी वंशावळीत दोन्ही नाती लिहावी लागतात. एक लिहून दुसरे गाळले तर दोन घराण्यांचा संबंध एका पिढीने अलीकडचा भासतो. दत्तकाचेही तसेच. पुतण्याच दत्तक घेतला की त्याचा जनक पिता कागदोपत्री चुलता होतो. तेव्हा जनक आणि दत्तक पिता, दोघांचीही नावे लिहिली नाहीत तर पुढचा वाचणारा चुकीच्या शाखेवर जाईल, आणि चुकला हे त्याला कळणारही नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की वंशावळीत नात्याचा नुसता शब्द कधीही लिहू नये; तो शब्द ज्या माणसांमधून जातो ती माणसे नावानिशी लिहावीत. मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ की बहिणीचा नवरा? भाचा पुरुषाचा असेल तर बहिणीचा मुलगा, बाईचा असेल तर भावाचाही. ‘चुलत चुलतभाऊ’ हा शब्द पणजोबा एक आहेत एवढेच सांगतो, पण कोणते पणजोबा आणि त्यांचे कोणते दोन मुलगे, हे सांगत नाही. उलट ‘धोंडिबाचा धाकटा मुलगा रामजी, त्याचा मुलगा किसन, त्याचा मुलगा अमुक’ असे लिहिले की शंकेला जागा उरत नाही. लिहिणे लांबते हे खरे. कोकणातील घराण्यांच्या कुलवृत्तांतांनी ते लांब लिहिणे पत्करले, म्हणूनच आज ती पुस्तके उपयोगी पडतात. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या घराण्याला तेवढे कष्ट लाभू नयेत असे मला वाटत नाही.

मुलींची नावे गाळण्याचे समर्थन तर आता कायद्याच्या आधारेही करता येत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबात मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद आहे, आणि तिचे नाव नसलेली वंशावळ वारसाच्या कामात तिच्या हक्काच्या आड येते.

तेव्हा ज्या घरी सध्या हा कागद तयार होत आहे, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की तहसिलीत दाखल करावयाची प्रत लिहून झाली म्हणजे घरासाठी दुसरी, विस्तृत प्रत लिहावी. तीत सर्व भाऊ व बहिणी, निपुत्रिक वारलेलेही, सुनांची माहेरे त्यांच्या वडिलांच्या नावांसह, लेकी दिलेली गावे, दत्तक, दुसरे लग्न, हे सारे न संकोचता नोंदवावे. कोणती गोष्ट कागदावरून घेतली आणि कोणती कोणाच्या सांगण्यावरून, हे प्रत्येक नावापाशी लिहावे. आणि एकेक नक्कल प्रत्येक चुलत घराला व प्रत्येक लेकीच्या सासरी पोचवावी. घरातील आजी हयात आहे तोवर हे काम करा.