पापुआचे मत कुणी दिले?

इतिहासात जर-तरला स्थान नाही, असे पंडित मंडळी नेहमी सांगतात. पुणे करार झाला नसता तर काय झाले असते, असे आपण विचारले की हेच उत्तर आपल्या तोंडावर फेकले जाते. पण ज्याचा हक्क काढून घेतला गेला, त्याने जर-तर विचारायचे नाही तर कुणी विचारायचे? आज असाच एक जर-तर हजारो मैल दूरच्या लोकांचा घेऊ. पॅसिफिक महासागरातील मेलानेशियाचा, पश्चिम पापुआच्या काळ्या माणसाचा.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला न्यू गिनी नावाचे प्रचंड बेट आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या सत्तांनी नकाशावर १४१ व्या रेखांशाजवळ पट्टी ठेवून त्याचे दोन तुकडे केले. पश्चिमेचा तुकडा डचांचा. पूर्वेचा जर्मनी आणि ब्रिटनचा, पुढे ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातला. रेघेच्या दोन्ही बाजूंना माणूस तोच. तेच डोंगर, तीच रताळ्याची शेती, तशाच शेकडो भाषा. या माणसाला कुणी काही विचारले नव्हते.

१९४९ साली डचांनी इंडोनेशिया सोडला, पण पश्चिम न्यू गिनी सोडली नाही. त्यांचा हेतू काही फार उदात्त नव्हता. साम्राज्य गेले तरी एक तुकडा हातात राहावा, ही जुन्या मालकाची खोड होती. तरीही १९६१ मध्ये तेथे २८ सदस्यांचे न्यू गिनी कौन्सिल उभे राहिले, त्यातले १६ निवडून आलेले होते. १ डिसेंबर १९६१ रोजी पापुआचा ‘पहाटतारा’ ध्वज फडकला. अवघ्या अठरा दिवसांनी, १९ डिसेंबरला, सुकार्णो यांनी हा प्रदेश मुक्त करण्यासाठी देशभर सज्जतेचा आदेश दिला. मुक्त कुणापासून? डचांपासून. पापुआची माणसे स्वतःच मुक्त होऊ पाहत आहेत, हे त्या घोषणेत कुठेच नव्हते.

मग महासत्ता आली. इंडोनेशियाला सोव्हिएत शस्त्रे मिळत होती आणि तो देश कम्युनिस्टांच्या गोटात जाईल ही अमेरिकेची धास्ती. एप्रिल १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडींनी डच पंतप्रधानांना पत्र लिहून माघारीसाठी दडपण आणले. अमेरिकी मुत्सद्दी एल्सवर्थ बंकर यांनी तडजोड घडवली आणि १५ ऑगस्ट १९६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये करार झाला. आपल्याकडे लाल किल्ल्यावर तिरंगा फडकत होता, तोच दिवस. सह्या डचांच्या आणि इंडोनेशियाच्या. ज्यांच्या जमिनीचा करार, त्यांची एकही सही नाही! सात महिने संयुक्त राष्ट्रांचा कारभार चालला आणि १ मे १९६३ रोजी सत्ता जकार्ताच्या हाती गेली.

या करारात एक कलम चांगले होते. १९६९ संपण्यापूर्वी सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना, आंतरराष्ट्रीय प्रथेनुसार, आपले भवितव्य ठरवता येईल, असे कलम १८ सांगत होते. प्रत्यक्षात काय झाले? आठ लाखांच्या आसपास लोकसंख्या. त्यातून इंडोनेशियाच्या देखरेखीखाली सुमारे १,०२५ जण वेचून काढले गेले. लष्कराच्या पहाऱ्यात, गुप्त मतदान न होता, त्यांनी एकमताने ‘आम्ही इंडोनेशियाचे’ असे सांगितले. एकही मत विरोधात नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेच्या जकार्तामधील राजदूताने आपल्या सरकारला कळवले होते की, पापुआतील बहुधा ८५ ते ९० टक्के लोकांची सहानुभूती स्वतंत्र पापुआकडे आहे. हा कागद २००४ साली उजेडात आला. आणि अमेरिकेच्या फ्रीपोर्ट कंपनीशी तेथील तांब्याच्या खाणीचा करार सुहार्तो सरकारने १९६७ मध्येच करून टाकला होता. मत १९६९ मध्ये, खाण १९६७ मध्ये. सौद्याची रक्कम आधी घेतली, मालकाला नंतर विचारले.

कारण काय सांगितले गेले? हे लोक रानटी, अडाणी; यांना एक माणूस एक मत काय कळणार? चळवळीच्या वाचकाला हे वाक्य ओळखीचे वाटेल. अस्पृश्यांना मताचा अधिकार देण्यावरून आपल्याकडे हेच ऐकवले जात होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला आणि सरकारने वरून प्रतिनिधी नेमण्याच्या पद्धतीला विरोध केला, तो उगाच नाही. नेमलेला माणूस नेमणाऱ्याचे बोलतो. कांशीराम यांनी १९८२ मध्ये ‘चमचा युग’ लिहिले ते आपल्या देशाबद्दल. पण ते १,०२५ जण त्या पुस्तकात सहज बसले असते. त्यांना दोष द्यावा असे मात्र आम्हाला वाटत नाही. समोर बंदूक होती. आणखी एक साम्य पाहा. बाबासाहेबांना ‘इंग्रजांचे हस्तक’ म्हटले गेले, पापुआच्या नेत्यांना ‘डचांची बाहुली’ म्हटले गेले. दुसऱ्या मालकाची पर्वा न करता आपला हक्क मागणाऱ्याला हे बिरूद मिळतेच.

आता जर-तर. १९६९ मध्ये खरे मतदान झाले असते तर? पंडितांनी कल्पना लढवण्याची गरज नाही. रेघेच्या पलीकडे, पूर्व भागात, १९६४ साली प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली. ६४ जागांच्या सभागृहातील ५४ जागांसाठी लोकांनी मत दिले. वाचता न येणाऱ्याने अधिकाऱ्याच्या कानात नाव सांगितले आणि त्याचे मत नोंदले गेले. डोंगर तेच, माणूस तोच, निरक्षरता तीच. आपल्या १९५१-५२ च्या निवडणुकीत सतरा कोटींवर मतदार होते आणि साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास. मत देण्यासाठी अक्षरे लागत नाहीत, पोटातली कळ लागते.

पूर्वेचा देश पुढे पापुआ न्यू गिनी म्हणून स्वतंत्र झाला. तेथे स्वर्ग उतरला नाही, हेही सांगितले पाहिजे. बुगनविल बेटावरील पांगुना खाणीचे तांबे गेले, माती आणि गढूळ नद्या तिथल्या लोकांच्या वाट्याला आल्या. १९८८ मध्ये उठाव झाला, हजारो माणसे मेली. १९९७ मध्ये तर त्या सरकारने बंड मोडायला सँडलाइन नावाची भाडोत्री सैनिकांची परदेशी कंपनी आणली. तिला खुद्द देशाच्या सेनाप्रमुखानेच हाकलले. तरीही २०१९ साली बुगनविलच्या माणसाला विचारले गेले, गुप्त मतपत्रिका देऊन. ९८.३१ टक्के लोकांनी स्वातंत्र्य मागितले. निकाल बंधनकारक नव्हता; पण तो मोजला गेला, जगाने पाहिला. पश्चिमेला असा एकही आकडा नाही. तिथे २०१९ मध्ये सुराबाया शहरात पापुआच्या विद्यार्थ्यांना ‘माकड’ म्हणून हिणवल्यावर गावोगाव आग भडकली.

या प्रकरणात भारताचे हातही कोरडे नाहीत. १९५५ च्या बांडुंग परिषदेचा भारत एक निमंत्रक होता. गोऱ्यांच्या साम्राज्याविरुद्ध तेथे फार मोठी भाषणे झाली आणि त्याच परिषदेच्या निवेदनात पश्चिम न्यू गिनीवरील इंडोनेशियाच्या दाव्याला पाठिंबा होता. पापुआचा प्रतिनिधी बांडुंगला नव्हता. गोरा मालक गेला की पुरे, तपकिरी मालकाबद्दल काळ्या माणसाला काय वाटते हे विचारायचे नसते, हा त्या काळच्या नेत्यांचा शहाणपणा. मालक बदलणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे आपल्याला १९४७ च्या आधीपासून ठाऊक आहे. त्या वेळी संयुक्त राष्ट्रांत अवर महासचिव असलेले सी. व्ही. नरसिंहन हे भारतीयच. २००१ साली, निवृत्तीनंतर, त्यांनी कबूल केले की ते मतदान म्हणजे निव्वळ सफेदी होती. बत्तीस वर्षांनी का होईना, बोलले.

१९६९ मध्ये गप्प न बसणारेही होते. विलेम झोंगेनाऊ आणि क्लेमेन्स रुनावेरी हे दोघे पापुआचे गाऱ्हाणे घेऊन न्यूयॉर्कला निघाले, रेघ ओलांडून पूर्वेला आले. ऑस्ट्रेलियाने त्यांना पुढे जाऊ दिले नाही, मानुस बेटावर अडकवून ठेवले. १९ नोव्हेंबर १९६९ रोजी आमसभेत ठराव आला. विरोधात शून्य, तटस्थ ३०, बाजूने ८४. त्याआधी घानाने एक दुरुस्ती मांडली होती : पापुआच्या लोकांना १९७५ संपण्यापूर्वी पुन्हा एकदा संधी द्या. ती फेटाळली गेली. १६ सप्टेंबर १९७५ रोजी रेघेच्या पूर्वेला, पोर्ट मोर्सबीत, स्वतंत्र देशाचा ध्वज वर चढला. पश्चिमेला ‘पहाटतारा’ फडकवणाऱ्याला आजही तुरुंगात टाकतात.