अडले कुठे, ते सांगता यावे

'सर, प्रोग्रॅम चालत नाहीये, प्लीज हेल्प.' सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, त्यातही एररची शेवटची ओळ कापलेली. बीड, अंबाजोगाई, परळीच्या महाविद्यालयांत प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्यांना आणि पुण्याच्या कंपन्यांत नवख्या मुलांना हाताशी धरणाऱ्यांना हा निरोप चांगला ओळखीचा आहे. बहुतेक जण त्याला उत्तर देत नाहीत, किंवा 'आधी नीट वाच' असे लिहून मोकळे होतात. मग विचारणारा पुन्हा विचारतच नाही. खरे नुकसान तिथे होते.

या मुलाला प्रोग्रॅमिंग येत नाही, असा निष्कर्ष आपण फार लवकर काढतो. त्याला प्रश्न मांडता येत नाही, एवढेच त्या निरोपावरून सिद्ध होते. घरात किंवा शेजारी कोणी सॉफ्टवेअरमध्ये असले की हे मांडणे कानावर पडून येते. पाटोदा, धारूर, शिरूर कासारच्या मुलाची संगणकाशी पहिली भेट बहुधा तालुक्याच्या एमएस-सीआयटीच्या वर्गात झालेली असते आणि तिथून तो थेट अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत येऊन बसतो. मधली पायरी त्याला कोणी दाखवलेली नसते.

उदाहरण बीडचेच घेऊ. समजा, केजकडची एक विद्यार्थिनी ऊसतोड करणाऱ्या आईवडिलांच्या कोयत्याचा, म्हणजे जोडीचा, हिशेब पायथनमध्ये मांडते आहे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तोडलेल्या उसाच्या टनांतून फिटत जाते. रोजचे टन विचारायचे, बेरीज करायची, दराने गुणायचे, उचल वजा करायची, एवढे काम. सध्या ती बेरजेपर्यंतच आली आहे. पहिल्या दिवशी ती २ टाइप करते, दुसऱ्या दिवशी ३. बेरीज येते २३. एरर काहीच नाही. म्हणजे 'प्रोग्रॅम चालत नाही' हे तिचे वाक्यच चुकीचे आहे. प्रोग्रॅम चालतो आणि चुकीचा आकडा देतो. या दोन तक्रारींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

कारण साधे आहे. पायथन ३ मध्ये इनपुट हे फंक्शन टाइप केलेला मजकूर अक्षरे म्हणूनच परत देते, त्यामुळे २ आणि ३ एकमेकांना चिकटतात; आधी त्यांचे पूर्णांकात रूपांतर करावे लागते. पायथन २ मध्ये मात्र हेच फंक्शन तो मजकूर पायथनची ओळ समजून सोडवत असे, म्हणून तिथे उत्तर ५ येई. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आले. पायथन २ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. तरी त्या काळच्या नोट्स आणि व्हिडिओ अजून फिरतात, त्यांत कोड जसाच्या तसा दिसतो आणि उत्तरही बरोबर येते. विद्यार्थिनीने पाहून लिहिले, तरी तिचे चुकले. तिने आपली आवृत्ती सांगितली नाही, तर अनुभवी माणूसही चाचपडत राहील.

आता तोच प्रश्न असा लिहा: पायथन ३ वापरते. २ आणि ३ टाइप केले. ५ यायला हवे होते, २३ आले. खाली तेवढ्याच तीन ओळींचा कोड, फोटो नव्हे, मजकूर. हे वाचणारा अर्ध्या मिनिटात उत्तर देईल. पुष्कळदा त्याचीही गरज पडत नाही, कारण टोळीतली नावे आणि इतर गोष्टी एकेक करून काढत तीन ओळींपर्यंत आले की दोष उघडा पडतो. दीडशे ओळींत तो दिसत नव्हता.

ही शिस्त आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त मोर आणि सापाचे उदाहरण आहे. खांब नऊ हात उंच, त्यावर मोर. साप खांबाच्या तळाशी असलेल्या बिळापासून सत्तावीस हातांवर, बिळाकडे निघालेला. मोर सापावर तिरकी झेप घेतो, दोघांचा वेग सारखा. बिळापासून किती अंतरावर गाठ पडेल? उत्तर बारा हात. यातले 'वेग सारखा' एवढे काढा, गणित सुटत नाही. दिलेले काय आणि हवे काय, दोन्ही तिथे पूर्ण आहे. भास्कराचार्यांचे गाव विज्जलविड म्हणजे बीडच, असे काही अभ्यासक मानतात. तो वाद मिटलेला नाही. पण पूर्ण प्रश्न कसा असतो हे शिकवायला बीडच्या शिक्षकाने याहून दूर जायला नको.

काही प्रश्न तर फक्त आपल्याच मुलांना पडणार आहेत. 'अंबाजोगाई' या शब्दाची लांबी पायथनला विचारली तर ते नऊ सांगते. मुलीला पाचच अक्षरे दिसतात. काना, वेलांटी, अनुस्वार यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत आहेत, म्हणून हा फरक. 'शेतकऱ्यांची' हा शब्द दोन याद्यांत डोळ्यांना हुबेहूब सारखा दिसतो, पण जुळत नाही; कारण त्यातला ऱ एका यादीत एकच संकेत असतो, दुसरीत र आणि नुक्ता असे दोन. तुलना करण्याआधी दोन्ही याद्या नॉर्मलाइझ केल्या, म्हणजे एकाच रूपात आणल्या, की त्या जुळतात. गावांच्या नावांची यूटीएफ-८ फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर कधीकधी विचित्र चिन्हे दिसतात, तेही संकेतांच्या गोंधळामुळेच. ग्रामपंचायत, सोसायटी, दूधसंघासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला या अडचणी रोजच्या आहेत. त्यांची उत्तरे मराठीत लिहून ठेवायची जबाबदारी आपली नाही, तर कोणाची?

भाषेचा संकोचही इथे आडवा येतो. इंग्रजी वाक्य चुकेल या भीतीने कित्येक मुले-मुली गप्प बसतात. त्यांना सरळ सांगा: एररचा मजकूर इंग्रजीत आहे तसाच ठेव, बाकी सगळे मराठीत लिही. पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२१-२२ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला सुरुवात झाली. पदवी मराठीतून शिकता येते, तर अडचणही मराठीत सांगता आली पाहिजे. इंग्रजी पुढे येईलच. नेमकेपणा आधी यायला हवा.

आष्टी तालुक्यातल्या दादासाहेब भगत यांची वाटचाल आता सर्वांना माहीत आहे. इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉयचे काम करताना, संगणकावर बसलेले लोक काय करतात आणि ते काम आपल्याला कसे मिळेल, हे त्यांनी तिथल्या लोकांनाच विचारले. डिझाइन आणि ॲनिमेशनमध्ये पदवीपेक्षा काम पाहिले जाते, असे उत्तर मिळाले. पुढे ते प्रोग्रॅमिंग शिकले, डूग्राफिक्स ही कंपनी उभी केली आणि टाळेबंदीत गावाकडे परतून तिथूनच काम चालवले. त्यांची जिद्द सगळे सांगतात. मला त्या अनाम माणसाचेही मोल वाटते, ज्याने हसण्यावारी न नेता नीट उत्तर दिले.

आता मुले चॅटबॉटला विचारतात, तो रागावत नाही, म्हणून त्यांना बरे वाटते. पण अर्धवट प्रश्नालाही तो ठासून उत्तर देतो, राहिलेला भाग स्वतःच गृहीत धरतो. नवख्याला ते गृहीतक दिसत नाही. त्यामुळे प्रश्न पूर्ण मांडण्याची गरज आता वाढली आहे.

शिक्षकांना विनंती आहे, की पहिल्या सत्रातले एक प्रात्यक्षिक केवळ प्रश्न लिहिण्यासाठी ठेवा आणि त्याला गुण द्या. कंपन्यांतल्या मित्रांनो, अर्धवट निरोप आला तर तीनच गोष्टी उलट विचारा: काय टाइप केलेस, काय यायला हवे होते, काय आले? तयार कोड पाठवू नका आणि टोमणाही मारू नका. विद्यार्थ्यांनी पूर्ण मांडलेले असे प्रश्न, विशेषतः देवनागरी मजकुराविषयीचे, आमच्याकडे मराठीत लिहून पाठवा. पुढच्या अंकापासून ते उत्तरांसह छापू.