नशेचा शेरा आणि सैनिकाची दाद

लष्करातून ‘सेवेची आवश्यकता उरली नाही’ असा कागद हाती घेऊन जो जवान मुदतीआधी घरी येतो, त्याला दोन ठिकाणी शिक्षा भोगावी लागते. पहिली शिक्षा पलटणीत होते, दुसरी गावात. कारण विचारले असता तो गांजाचे, चरसाचे किंवा गोळ्यांचे नाव घेतो, तेव्हा आप्तेष्टही मान खाली घालतात. त्याला दाद मागावयास कोणी सांगत नाही, कारण ज्याने नशा केली त्याला कसली दाद, असे सर्वांनी मनाशी ठरवून टाकलेले असते. हा मनाचा निवाडा कायद्याला धरून नाही, न्यायाला धरून नाही आणि आमच्या समाजाच्या इतिहासालाही धरून नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिरूर तालुक्यातील पाबळसारखे गाव घ्या. पावसाने नेहमी हात आखडता घेतलेल्या या पट्ट्यात जिराईत जमिनीवर कुटुंब पोसणे कठीण. ज्यांना जमीनच नाही त्यांची अवस्था तर सांगावयासच नको. समजा, अशा भूमिहीन घरातील एक तरुण भरतीत उतरला. त्याच्या पगारावर घर उभे राहिले, बहिणीचे लग्न झाले, धाकट्याचे शिक्षण सुरू झाले. जवानास सेवा-पेन्शन मिळण्यासाठी सामान्यतः १५ वर्षांची पात्र सेवा लागते. बाराव्या वर्षी अमली पदार्थाच्या आरोपावरून त्याला घरी धाडले, तर त्या पेन्शनचा प्रश्नच मिटतो. शिवाय गैरवर्तनामुळे सेवामुक्त झालेल्यास माजी सैनिकांसाठी राखलेल्या सरकारी नोकऱ्यांचा दरवाजाही बंद होतो. एका कागदाने केवळ एका माणसाची नव्हे, तर एका घराची पुढील पिढी खाली येते. म्हणून तो कागद कसा तयार झाला हे विचारण्याचा हक्क त्या घराला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही नशेची वकिली करीत नाही. ज्याच्या हाती भरलेली बंदूक आहे आणि ज्याच्या जागेपणावर सोबत्यांचे प्राण अवलंबून आहेत, त्याने शुद्धीवर असलेच पाहिजे. पंचशीलातील पाचवे शील घेतलेल्या बौद्धास हे वेगळे सांगावयास नको. परंतु ज्या धम्माने हे शील सांगितले, त्याच धम्माच्या विनयाने भिक्षूवरील आरोपाचा निर्णय कसा करावा हेही सांगितले आहे. वाद शमविण्याच्या सात रीतींपैकी पहिली संमुखविनय होय. जिच्याप्रमाणे आरोपीच्या समक्ष, संघाच्या समक्ष आणि नियमाला धरूनच निर्णय व्हावयास पाहिजे. दुसरी एक रीत अमूळ्हविनय नावाची आहे, ती चित्त ठिकाणावर नसताना घडलेल्या कृत्याचा वेगळा विचार करते. शील कडक असावे आणि चौकशी न्याय्य असावी, या दोन गोष्टींत विरोध नाही.

आता कायदा पाहू. १९५० च्या लष्कर कायद्याचे ४८ वे कलम नशेत सापडणे हा गुन्हा मानते. परंतु तेथेही भेद केलेला आहे. अधिकारी नसलेला इसम कामावर किंवा प्रत्यक्ष मोहिमेवर नसताना नशेत सापडला, तर त्याला सहा महिन्यांहून अधिक कैद देता येत नाही. खटला चालवून दिलेली शिक्षा हा एक मार्ग. दुसरा मार्ग प्रशासकीय आहे. १९५४ च्या लष्करी नियमांतील १३ व्या नियमाखाली, खटला न चालविता, ‘सेवेची आवश्यकता नाही’ म्हणून जवानास घरी पाठविता येते. बडतर्फी आणि डिस्चार्ज हे शब्द गावात एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्यात त्यांत मोठे अंतर आहे. बडतर्फ झालेल्यास पेन्शन सामान्यतः नाकारले जाते. डिस्चार्ज मिळालेल्याची पात्र सेवा पूर्ण झाली असेल, तर त्याचा पेन्शनवरील हक्क केवळ डिस्चार्जमुळे जात नाही. तेव्हा हातातील कागद नक्की कोणता आहे, हे सर्वांत आधी पाहावे.

या १३ व्या नियमात आणखी एक दार आहे, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. जवान प्रकृतीने सेवेस अयोग्य ठरला तर वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीवरून त्याला सेवामुक्त करावयाचे असते. व्यसन जडणे ही वैद्यकाच्या दृष्टीने व्याधी आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानेही ६४-अ कलमात, स्वेच्छेने मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला ठराविक गुन्ह्यांपुरते खटल्यापासून संरक्षण दिले आहे. हे संरक्षण लष्करी शिस्तीला आपोआप लागू होत नाही, हे खरे. परंतु ज्याला रुग्णालयात दाखल केले होते, ज्याच्यावर औषधोपचार चालू होते, त्याला वैद्यकीय मंडळापुढे न नेता गैरवर्तनाच्या दाराने बाहेर का काढले, हा प्रश्न विचारण्यास प्रत्यवाय नाही.

दुसरा प्रश्न चौकशीचा. चार लाल शाईच्या नोंदी झाल्या की जवान बाहेर, असा समज पलटणीत आणि गावात सारखाच पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. २८ डिसेंबर १९८८ च्या लष्करी मुख्यालयाच्या पत्राने डिस्चार्जपूर्वी निःपक्ष चौकशी करावी, तसेच जवानाची दीर्घ सेवा, खडतर ठाणी आणि पेन्शन जवळ आलेली असणे या गोष्टी लक्षात घ्याव्यात असे सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात हे पत्र बंधनकारक मानले, अशा चौकशीवाचून दिलेला डिस्चार्ज रद्द केला आणि पेन्शनपात्र सेवा पूर्ण होईपर्यंत तो जवान सेवेत होता असे मानण्याचा आदेश दिला. मागील पगार मात्र दिला नाही. उलटपक्षी २०१९ च्या सतगुर सिंग प्रकरणात कारणे दाखवा नोटीस आणि तिचे उत्तर एवढेच न्यायालयाला पुरेसे वाटले, आणि डिस्चार्ज कायम राहिला. यातून बोध एकच निघतो. नोटिशीला दिलेले उत्तर हाच अर्धा खटला असतो. ‘माफ करावे’ एवढे दोन शब्द लिहून सही करणारा जवान आपली बाजू स्वतःच मिटवितो.

समरी कोर्टमार्शलमध्ये कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश असतो. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले सिग्नलमन रणजित ठाकूर यांचे प्रकरण प्रत्येक जवानाने जाणून घेण्यासारखे आहे. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्यांनी वर तक्रार केली होती, तोच अधिकारी त्यांच्या खटल्यात न्यायासनावर बसला होता. जेवण नाकारल्याच्या आरोपावरून त्यांना कैद आणि बडतर्फी मिळाली. न्यायालयाने पक्षपाताची वाजवी शंका आणि अपराधाच्या मानाने अतिरेकी शिक्षा, या दोन्ही कारणांवरून तो निर्णय रद्द ठरविला. नशेच्या आरोपातही हेच दोन प्रश्न उभे राहतात. न्याय कोणी केला, आणि शिक्षा अपराधाच्या मापाची आहे काय?

तिसरा प्रश्न पुराव्याचा. तपासणीचा नमुना कोणाचा, कोणासमक्ष घेतला, मोहर कोणी लावली, तपासला कोणी? ही वकिली थाटाची किचकट शंका आहे असे कोणास वाटेल, त्याने अमेरिकेकडे पाहावे. तेथील लष्करी प्रयोगशाळांत सैनिकांच्या लघवीची तपासणी सदोष रीतीने झाल्याचे १९८३ साली उघडकीस आले आणि हजारो सैनिकांवरील निष्कर्ष संशयास्पद ठरले. त्याआधी, १९७१ साली, व्हिएतनाम युद्धाच्या काळात केवळ स्वतःपुरत्या अमली पदार्थाच्या सेवनासाठी दिलेल्या अप्रतिष्ठेच्या डिस्चार्जचा फेरविचार करण्याचा आदेश संरक्षणमंत्री लेअर्ड यांना काढावा लागला होता. आणि १९०६ साली टेक्सासमधील ब्राऊन्सव्हिल येथील गोळीबाराचा ठपका ठेवून अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ काळ्या सैनिकांना खटल्यावाचून काढून टाकले. तो अन्याय त्या देशाने १९७२ साली दुरुस्त केला, तेव्हा त्यांतील बहुतेक सर्व काळाच्या पडद्याआड गेले होते. दाद उशिरा मिळाली तर ती थडग्याला मिळते.

ब्राऊन्सव्हिलची हकीकत शिरूर तालुक्यास परकी वाटू नये. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री याच शिरूरच्या छावणीतून निघालेली तुकडी दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढली. तेथील स्तंभावर २२ महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांच्याच वंशजांना १८९२ च्या सुमारास सैन्यभरती बंद झाली. त्यांच्यावर कोणता आरोप होता? कोणताच नाही. चौकशी झाली काय? झाली नाही. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुण्याहून भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज धाडला. १९१७ साली उभी केलेली महार पलटण १९२१ साली मोडण्यात आली, आणि १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेब स्वतः सुभेदार रामजी सकपाळांचे पुत्र होते. ज्या समाजाने कागद लिहून लष्कराचे दार उघडून घेतले, त्या समाजाच्या मुलाला आज अन्यायाने त्या दाराबाहेर काढले असता कागद लिहावयाचा कंटाळा यावा, ही गोष्ट शोभणारी नाही.

कागद कोठे पाठवावयाचा? लष्करातील निर्णयाविरुद्ध अपील नाही, ही मोठी उणीव सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली पृथीपाल सिंग बेदी प्रकरणात दाखवून दिली होती. ती भरून निघावयास २००७ चा सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा यावा लागला, आणि २००९ पासून न्यायाधिकरण काम करू लागले. महाराष्ट्रातील जवानासाठी त्याचे खंडपीठ मुंबईस आहे. डिस्चार्जविरुद्ध तेथे अर्ज करता येतो. समरी कोर्टमार्शलने बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून अधिक कैद दिली असेल तर त्याविरुद्धही जाता येते. आधी लष्करातील वरिष्ठांकडे दाद मागितलेली असावी. अंतिम आदेश मिळाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज व्हावयास पाहिजे. वरिष्ठांनी उत्तरच दिले नाही, तर सहा महिने थांबून पुढील सहा महिन्यांच्या आत यावे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण लाज वाटत होती हे कारण न्यायासनास पटविणे अवघड असते. न्यायाधिकरणाचा निर्णय विरुद्ध गेला तरी उच्च न्यायालयाची रिट अधिकारिता शाबूत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले आहे.

जवानाने डिस्चार्ज बुक, नोटीस, तिचे उत्तर, आरोपपत्र, प्रयोगशाळेचा अहवाल आणि रुग्णालयाचे कागद जपून ठेवावेत. जे मिळाले नाहीत ते २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागावेत. वकिलाच्या खर्चाची भीती बाळगू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाने अनुसूचित जातीच्या व्यक्तीस विनामूल्य विधी साहाय्याचा हक्क दिला आहे, आणि १९९० पासून बौद्धांचाही त्या जातींत समावेश आहे.

उरते गावाचे काम. व्यसनी मुलाला उपचारास नेणे आणि त्याच मुलाच्या अर्जावर मुदतीत सही घेणे, ही दोन्ही कामे एकाच घराने एकाच आठवड्यात करावयाची आहेत. तो दोषी ठरेल किंवा निर्दोष ठरेल, ते न्यायाधिकरण पाहील. त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याला दोषी ठरविण्याचा अधिकार पलटणीला नाही, तसाच पाबळच्या पारावर बसलेल्यांनाही नाही. घरी आलेल्या जवानाला प्रथम विचारावे, आदेशाची तारीख कोणती? बाकीचे प्रश्न नंतर.