विळीला विचारा, अफवेला नको



आम्ही कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले. भाकरी घरची, पण टमाटा बहुतेक आठवडी बाजारातला. हल्ली पिशवी रिकामी होण्याआधीच घरात बोलणे निघते, "लाल दिसतो, पण पावडर टाकून पिकवला असेल." ही भीती सगळी खोटी नाही आणि सगळी खरीही नाही.

पावडर म्हणजे कॅल्शियम कार्बाइड, वेल्डिंगवाल्याकडचे. त्याला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो आणि फळाला रंग चढतो. त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून फळे पिकवायला ते वापरण्यास कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूला मात्र ठरलेल्या प्रमाणात परवानगी आहे. पिकताना टमाटा स्वतःच तो वायू सोडतो.

तेव्हा हिरवा तोडलेला टमाटा म्हणजे विषारी टमाटा नव्हे. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतचा माल पिकून लाल झाल्यावर ट्रकमध्ये भरला, तर आमच्या बाजारात त्याचा चिखलच उतरेल. पूर्ण वाढलेला टमाटा रंग फिरताच तोडला तरी टोपलीत पिकतो. कोवळा तोडलेला मात्र वरून लाल, आतून कच्चा राहतो. भाव चढले की कोवळा माल तोडण्याचा मोह होतो. का होणार नाही? 2023 च्या ऑगस्टमध्ये भाव चढताच सरकारने नेपाळचा टमाटा आणला. भाव पडून माल रस्त्यावर ओतला जातो, तेव्हा कोण धावून येते?

आता परीक्षा. टमाटा विळीवर आडवा चिरा. बिया गिजगिज्या रसात असतील आणि पात्याखालून सटकत असतील, तर फळ पूर्ण वाढलेले होते. साल लाल, पण आत रस नाही, बिया विळीने कापल्या जातात, तर कोवळा तोडून रंगवलेला समजा. देठाच्या खोबणीत पांढरी-करडी भुकटी दिसली, तर ती कार्बाइडची असो की फवाऱ्याची, माल परत करा. नुसत्या पिवळ्या चट्ट्यावरून मात्र दोष देऊ नका. पारा तिशीच्या वर गेला की लाल रंग नीट भरत नाही, आणि आमचा एप्रिल-मे कसा असतो ते सांगायला नको. पाण्यात तरंगणारा टमाटा आतून पोकळ असतो. ती विषाची खूण नाही.

कीटकनाशकाचा अंश मात्र घरी कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. वाहत्या पाण्यात चोळून धुवावे, देठाचा भाग काढावा. वरचे बरेच जाते. आंतरप्रवाही औषध आत भिनलेले असते, ते धुऊन जात नाही.

आणि इथे बोट आमच्याकडेच वळते. पऱ्हाटीच्या कडेला मायबहिणी भेंडी-टमाट्याच्या दोन ओळी लावतात. कपाशीवर मारून पंपात उरलेले औषध त्या ओळींवर कोण मारतो? आम्हीच! मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारण्यास 2005 सालीच बंदी आली. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. विष काय असते ते आम्हाला कोणी शिकवायला नको. तेच विष लेकरांच्या ताटात आपल्या हाताने वाढायचे?

अफवेचा मारही आम्हाला ठाऊक आहे. 2020 साली टमाट्यावर "तिरंगा" व्हायरसची बोंब उठली. रोग झाडाचा, माणसाला तो लागत नाही. पण भीती पसरली आणि तोटा उत्पादकाचा झाला. उद्या आमच्या ज्वारीवर असेच बालंट आले तर?

म्हणून या बैठकीतून दोन गोष्टी ठरवून उठू या. कपाशीचा पंप भाजीच्या ओळीत जाणार नाही. आणि विळीवर चिरून पाहिल्याशिवाय दुसऱ्या शेतकऱ्याच्या मालाला आम्ही विष म्हणणार नाही.