आम्ही शहाणी माणसे

दिवाळीच्या फराळाला आमच्या डहाणूत चार शहाणी माणसे एकत्र बसली, की चकलीबरोबर राजकारणही तोंडी लावायला लागते. वकील म्हणतात, आमदार काही वाचत नाहीत. इंजिनिअर म्हणतात, वाचले तरी कळत नाही. प्राध्यापक म्हणतात, सगळे एका माळेचे मणी. मी डॉक्टर, मी म्हणतो, रोग जुना आहे. मग बशा रिकाम्या होतात आणि देशाविषयीचे आपले कर्तव्य पार पडले अशा समाधानाने आम्ही उठतो. गेली तीस वर्षे मी या पंगतीला बसतो आहे; तेव्हा पुढे जे बोलणार आहे त्यातला पहिला फटका माझ्याच पाठीवर पडतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या मंडळींपैकी किती जण आपल्या आमदाराला समोरासमोर भेटले आहेत? मी विचारून पाहिले. भेटले होते, नाही असे नाही! एक मुलाच्या बदलीसाठी, एक बिनशेती परवान्यासाठी, एक पुतणीच्या प्रवेशाची चिठ्ठी मागायला. म्हणजे मागचा दरवाजा आम्हांला पाठ आहे. पुढचा कोणत्या बाजूला उघडतो ते ठाऊक नाही. आपल्या भाषेने या दोन दरवाजांना दोन शब्द दिले आहेत. एकट्याने, कानात, स्वतःसाठी बोलायचे तो वशिला. चारचौघांनी, उघड, सह्या करून, सर्वांसाठी बोलायचे ते शिष्टमंडळ. पांढरपेशा माणूस पहिल्याला व्यवहार म्हणतो आणि दुसऱ्याला राजकारण म्हणून नाक मुरडतो.

बरे, आम्हांला एकजूट करता येत नाही म्हणावे, तर तसेही नाही. 31 जुलै 2019 रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या विधेयकाविरुद्ध आम्ही डॉक्टरांनी देशभर चोवीस तासांचा संप केलाच की. त्या दिवशी कोणी म्हणाले नाही, की हे राजकारण आहे. विषय आमचा स्वतःचा होता ना!

आता आमच्या शेजारी पाहा. 1945 साली तळासरीजवळच्या झरी गावी वारली जमले आणि सावकाराच्या शेतावर वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. त्या लढ्यात त्यांच्या पाड्यांवर जाऊन जमिनीवर बसल्या त्या गोदावरी परुळेकर. बाई कायद्याच्या पदवीधर होत्या. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला, त्यातही इकडची माणसे मिसळली होती. दहावीच्या मुलांची परीक्षा आहे, रस्ते अडू नयेत, म्हणून सोमय्या मैदानावरून आझाद मैदानापर्यंतची शेवटची वाट ते लोक रात्रीच चालले. 12 मार्चला सरकारने त्यांच्या हाती लेखी आश्वासन ठेवले. ज्यांना आम्ही अडाणी म्हणतो त्यांना विधिमंडळाचा रस्ता पायांनी ठाऊक आहे. आणि डहाणू रोडहून मुंबईला थेट लोकल असूनही आमची पावले मंत्रालयाच्या दिशेने वळत नाहीत.

मला ही उपरती काही ग्रंथ वाचून झाली नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी मध्यरात्री तळासरीकडच्या एका पाड्यावरचा माणूस बायकोला जीपमध्ये घालून माझ्या दाराशी आला. अडलेले बाळंतपण. आधी जिथे नेले तिथे सिझर करणारा डॉक्टर होता, पण भूल देणारा नव्हता. मी फिजिशियन, माझ्या हातात तरी काय होते? सलाइन लावले, अंगावर घोंगडी घातली, फोन केले आणि त्यांना गुजरातेत पाठवले. बाई वाचली, मूल वाचले नाही. आठ दिवसांनी तो माणूस घोंगडी परत द्यायला आला. धुऊन, घडी घालून आणली होती. जाताना म्हणाला, “डॉक्टर, भूलवाला पाहिजे म्हणून कोणाला सांगायचं असतं?”

मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. तीस वर्षांत मी या गोष्टीबद्दल हळहळलो होतो, पण कोणाला सांगायचे असते हे मलाच माहीत नव्हते.

मग मी पंगतीतल्या मंडळींना घरी बोलावले. पहिल्या बैठकीला चौदा जण आले. भाषणे उत्तम झाली. मुंबईला जाण्याच्या दिवशी फलाटावर आम्ही तिघेच! एक वकील, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि मी. बाकीच्यांना अचानक पाहुणे आले होते. आमदारांनी (पालघर जिल्ह्यातल्या सहांपैकी कोण ते सांगत नाही) आमचे चार पानी निवेदन शेवटपर्यंत वाचले, चष्मा काढला आणि विचारले, “मंजूर पदे किती? भरलेली किती? त्यांतली प्रतिनियुक्तीवर किती?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. चार पानांत आम्ही ‘दयनीय’ हा शब्द सहा वेळा घातला होता. आकडा एकही नव्हता. आमदार वाचत नाहीत म्हणणारे आम्ही, लिहितानाच आळस करून गेलो होतो.

परत आल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी माहिती अधिकारात अर्ज टाकले. त्यांच्या शिस्तीपुढे सरकारी कारकुनाचे काही चालेना. एकेक दवाखाना, एकेक पद. हजेरीपटावर भरलेले आणि प्रत्यक्षात प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे गेलेले पद म्हणजे काय चीज असते, ते तेव्हा आम्हांला कळले. मी माझ्या वहीतून वर्षभरात पुढे पाठवलेल्या बाळंतिणींची, नावे गाळून, यादी काढली. दुसऱ्या खेपेला आम्ही सहा जण गेलो, हातात एकच पान. त्या पानावरून तारांकित प्रश्न तयार झाला. तो अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो, हेही तेव्हाच समजले.

काही जण म्हणतात, आमदाराच्या हातात असते काय? 4 ऑक्टोबर 2024 रोजी पेसा भागातली भरती आणि आरक्षण यांसाठी आदिवासी आमदारच मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उतरले. विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ त्यांत होते. मला त्यातून उलटच दिसते. ज्या माणसाला जाळीवर उतरावे लागते, त्याच्या पाठीशी आपल्यासारख्यांचे कागद आणि सह्या किती कमी असतील!

वकीलमित्रांचा आक्षेप जास्त वजनाचा. ते म्हणतात, न्यायालय आहे ना. खरे आहे, डहाणूने न्यायालयाकडून पुष्कळ मिळवले. 1991 च्या अधिसूचनेने तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले. 1998 साली त्याने वाढवण बंदराला नकार दिला. आम्ही निश्चिंत झोपलो. 2023 साली त्याच प्राधिकरणाने अटी घालून होकार दिला, जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि 30 ऑगस्टला पायाभरणीही झाली. बंदर हवे की नको यावर घराघरात भांडणे आहेत, ती मी येथे आणत नाही. पण किनाऱ्यावरचे मच्छीमार रस्त्यावर येत होते, त्या पंचवीस वर्षांत आमच्या पंगतीतला एकही जण आपल्या आमदाराकडे नकाशा घेऊन गेला नाही, एवढे मात्र मला ठाऊक आहे.

इंजिनिअर मंडळींनाही सोडत नाही. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले. थंडीत माणसे तंबूंत झोपली. कुडाचे आणि विटांचे घर धक्क्यात कसे वागते हे या तालुक्यात तुमच्याइतके कोणाला कळते? आणि ते कोणत्या सभागृहात बोलले गेले पाहिजे?

शिवाय विधान परिषदेत कोकणातल्या पदवीधरांची एक आणि शिक्षकांची एक, अशा दोन जागा राज्यघटनेने आपल्यासाठी राखल्या आहेत. वारल्याला तेथे, तो पदवीधर झाल्यावाचून, मत नाही, आम्हांला आहे. मते देऊन आम्ही त्या सदस्यांची नावे विसरतो.

आमच्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन आहे, तेव्हा आम्ही जाणार आहोत. यादीत अकरा नावे आहेत. तिकिटे सातांनीच काढली आहेत. उरलेल्या चौघांच्या घरी भाऊबीज झाल्यावर मी जाणार आहे, आणि फराळ पुढे आला तरी आधी तिकिटाचे पैसे मागणार आहे. घोंगडीवाल्यालाही विचारले होते. तो म्हणाला, भात झोडून झाला की येतो.