पाइपमधील मोकळी जागा

भिंतीत गाडलेल्या विजेच्या पाइपविषयी राजकीय कार्यकर्त्याने विचार कशासाठी करावा, असे कोणी विचारील. परंतु ज्या कामातील दोष डोळ्यांना दिसत नाही आणि ज्या दोषाची शिक्षा तो करणाऱ्याला भोगावी लागत नाही, ते काम केवळ बाजाराच्या हवाली करता येत नाही. हे सूत्र समजण्यास या पाइपइतके सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता प्रथम १८९७ साली प्रसिद्ध झाली. दर तीन वर्षांनी तिची सुधारित आवृत्ती निघते. पाइपमध्ये एकच वायर असेल तर तिने छेदाची ५३ टक्क्यांहून अधिक जागा व्यापू नये, दोन असतील तर ३१ टक्के आणि तीन वा अधिक असतील तर ४० टक्के, अशी मर्यादा या संहितेने सामान्यतः घातली आहे. म्हणजे नेहमीच्या कामात निम्म्याहून अधिक पाइप मोकळाच राहतो. वायर ओढण्याच्या दोन ठिकाणांमधील सर्व वळणांची बेरीज चार काटकोनांपेक्षा अधिक होता कामा नये. फिटिंगलाही हाच न्याय लागू आहे. बारीक वायरींसाठी वापरावयाच्या झाकणाच्या फिटिंगचा छेद तिला जोडलेल्या सर्वांत मोठ्या पाइपच्या छेदाच्या किमान दुप्पट हवा. जाड वायरी सरळ ओढावयाच्या असतील, तर पेटीची लांबी सर्वांत मोठ्या पाइपच्या मापाच्या किमान आठपट ठेवावी लागते.

ही जागा वाया गेलेली नसते. वायरमधून प्रवाह वाहू लागला की उष्णता निर्माण होते आणि दाटीत ती बाहेर पडत नाही. म्हणूनच एका पाइपमध्ये प्रवाह वाहणाऱ्या चार ते सहा वायरी असतील, तर प्रत्येकीची क्षमता ८० टक्केच धरावी, असेही संहिता सांगते. शिवाय अरुंद फिटिंगमधून वायर बळाने ओढली की तिचे आवरण खरचटते. ती जखम भिंतीआड राहते आणि पुढे केव्हातरी शॉर्टसर्किटच्या रूपाने प्रकट होते.

आता हिशेब पाहा. लहान पाइप घेतल्याने वाचलेला पैसा बांधणाऱ्याच्या खिशात जातो. तो ठासून भरण्याचे कष्ट वायरमनच्या वाट्याला येतात आणि आगीचा धोका त्या घरात राहावयास येणाऱ्या कुटुंबाच्या. ज्या वस्तूचा लाभ एकाला आणि जोखीम दुसऱ्याला, तिची योग्य किंमत बाजार कशी ठरविणार? अशा नियमांमुळे गरिबांची घरे महागतात, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही; परंतु मोठ्या पाइपचा जादा खर्च एकदाच होतो, तर भरलेला पाइप बदलण्यासाठी भिंत फोडावी लागते. या स्वस्ताईचे देणे गरिबालाच व्याजासह फेडावे लागते.

ही संहिता म्हणजे काही लोकसत्तेचा आदर्श नव्हे. ती एक खासगी संघटना प्रसिद्ध करते आणि तिच्या समित्यांवर उत्पादकांचेही प्रतिनिधी बसतात. मात्र त्याच समित्यांवर १८९१ साली स्थापन झालेल्या वीज कामगारांच्या संघटनेचे प्रतिनिधीही असतात. ज्याच्या हाताला वायर ओढताना घट्टे पडतात त्याला नियम घडविताना बोलता येते, ही गोष्ट लहान नाही.

आपल्याकडेही नियमांची उणीव नाही. १९८५ ची राष्ट्रीय विद्युत संहिता पुढे २०११ मध्ये सुधारली गेली. कोणत्या मापाच्या पाइपमध्ये किती वायरी ओढाव्यात, हे वायरिंगविषयक भारतीय मानकात सांगितलेले आहे. वळणाच्या पाइपसाठी ही संख्या सरळ पाइपपेक्षा कमी ठेवली आहे. वीजजोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्टही लागतो. परंतु इन्सुलेशनची चाचणी उत्तम आली, तरी पाइप किती ठासून भरला आहे हे तिच्यातून कळत नाही. ते कळते फक्त प्लास्टर होण्यापूर्वी.

तेव्हा गृहनिर्माण संस्थांत आणि कामगार वस्त्यांत काम करणाऱ्यांनी धरावयाचा आग्रह साधा आहे : भिंत बंद होण्यापूर्वी तपासणी व्हावी, तिची नोंद रहिवाशांना पाहावयास मिळावी आणि पाइप अपुरा असल्यास काम नाकारणाऱ्या वायरमनला संघटनेचे संरक्षण असावे. मोकळ्या जागेलाही कोणीतरी राखणदार लागतो. नफ्याने ती आजवर आपण होऊन कधी राखलेली नाही.